हातोडीचा दांडा

रत्नागिरी ते लांजा अशी काशीरामची सर्विस मोटार धावायला लागली, तेव्हा लोक म्हणायचे, गाडी काशीरामची, पण इंजिन मुसाचं. काशीरामला ते ऐकून राग येत नसे. उलट तोच हसून म्हणायचा, "मी नुसता चाक धरून बसतो. गाडी चालवतो तो राजिवड्याचा माणूस."

मुसा रत्नागिरीतल्या राजिवड्याचा. बाप गलबतावर तांडेल होता, पण मुसाला समुद्र लागायचा. पोरगं गलबतावर चढलं की उलट्या करतं म्हणून बापानं त्याला मुंबईला एका ओळखीच्या माणसाकडे धाडलं, आणि तो गोदीजवळच्या एका कारखान्यात इंजिनं दुरुस्त करायला शिकला. आधी बोटींची, मग मोटारी आल्या तशी मोटारींची. बोलायला कमी. पण इंजिनाशी मात्र तो तोंडातल्या तोंडात बोलायचा, आणि कुणी ऐकलं की लाजायचा.

काशीराम लांज्याजवळच्या एका वाडीतला. मुंबईत एका पारशी गृहस्थाची गाडी चालवायचा. गाडी दुरुस्तीला घेऊन तो त्या कारखान्यात आला, मुसाच्या तोंडून "काय झालांन्" असं ऐकलं आणि जागच्या जागी थांबला. "कुठला रे तू?" "राजिवड्याचा." "अरे, मी लांज्याकडचा!" तेवढ्यावर ओळख झाली, आणि ती वाढतच गेली. पुढे मुसाला विषमज्वर झाला. खोलीतली बाकीची माणसं लागण होईल म्हणून दूर राहिली. काशीरामनं त्याला पाठीवर घेतलं आणि इस्पितळापर्यंत नेलं, रोज पेज घेऊन गेला. मुसा त्यानंतर कायम म्हणायचा, "मी जिवंत हाय तो काशाच्या पाठीवर."

एकोणतीस साली दोघं गावी परतले. काशीरामनं एक जुनी अमेरिकन गाडी घेतली, तिच्यावर लाकडी बॉडी बसवली, आणि राजिवड्याच्या वरच्या अंगाला झावळ्यांनी शाकारलेल्या पडवीत मुसानं आपली हत्यारं मांडली. इतरांच्याही मोटारी तिथं येत, पण काशीरामच्या गाडीला हात लावायचा तर आधी हात धुवायचे, असा मुसाचा नेम होता. मुसाची बायको कनीज त्यावर म्हणायची, "घरात जेवायला बसताना एवढे हात धुवीत नाय."

चौतीस सालच्या उन्हाळ्यात ते इंजिन थकलं. मागून निळा धूर निघायचा, तेल पाण्यासारखं जायचं, पालीच्या पुढे चढ लागला की उतारूंना खाली उतरून चालावं लागायचं. मुसानं इंजिन खोललं. वर्षानुवर्षं पिस्टन वरखाली होऊन चारही शिलिंडर झिजले होते, गोल भोकाचं अंड्यासारखं झालं होतं. त्यात कुठलाही पिस्टन घातला तरी तो खुळखुळणारच. दोघांनी ठरवलं, मोसम संपायच्या आत सर्विस बंद करायची. शिलिंडरांचा लोखंडी ब्लॉक बोटीनं मुंबईला गेला, तिथं भोकं कातून गोल करून घेतली, आणि पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीनं ब्लॉक आणि थोडे मोठ्या मापाचे चार नवे पिस्टन परत आले. मग पाऊस लागला, रस्ते बंद झाले, आणि मुसाला हवा होता तेवढा निवांतपणा मिळाला.

जुने पिस्टन ओतीव लोखंडाचे होते. नवे ॲल्युमिनियमचे होते, हलके, चांदीसारखे. काशीरामनं एक उचलून तळहातावर तोलला.

"हा टिकेल काय रे? पेल्यासारखा लागतो."

"टिकेल," मुसा म्हणाला. "पण हा तापला की फुगतो, लोखंडापेक्षा जास्त. त्याला फुगायला जागा ठेवायला हवी. जागा कमी ठेवली तर आत धरून बसेल. जास्त ठेवली तर ठकठक करील."

ती जागा म्हणजे नखाएवढीही नाही, केसाएवढी. ती मोजायला मुसाकडे पोलादाची एक पातळ, लवचीक पट्टी होती. शिलिंडरच्या भिंतीला ती पट्टी लावायची, तिच्याशेजारून पिस्टन उलटा आत सोडायचा, आणि मग पट्टी ओढून बघायची. सैल निघाली तर पिस्टन लहान. निघालीच नाही तर मोठा. काशीरामनं विचारलं, मग बरोबर म्हणजे कशी? मुसाला सांगता येईना. त्यानं पट्टीचं टोक काशीरामच्या हातात दिलं. काशीरामनं ओढली, थांबला, पुन्हा ओढली आणि म्हणाला, "तरव्यातून भाताचं रोप उपटताना लागतं, तसं?"

"तसंच," मुसा म्हणाला. तो इतका खूश झाला की पुढं कितीतरी दिवस ज्याला त्याला हे सांगत सुटला.

चारांपैकी तीन पिस्टन पहिल्याच फेरीत बसले. चौथा कुठल्याच शिलिंडरात नीट जाईना. मुसानं त्याला बारीक पॉलिश कागद आणि तेल लावून अंगठ्यानं घासलं, पुसलं, घालून बघितलं, पुन्हा घासलं. बाहेर आषाढ कोसळत होता, झावळ्यांतून गळणाऱ्या पाण्याखाली मडकी मांडलेली होती, आणि हा माणूस सकाळपासून एकाच पिस्टनाला अंगठ्यानं कुरवाळीत बसला होता. शेवटी तो बसला. कुठला पिस्टन कुठल्या शिलिंडरचा, याच्या खुणा त्यानं आतल्या बाजूला केल्या. मग पिस्टनांवर चढवायच्या रिंगा. प्रत्येक रिंग शिलिंडरात सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट पाहायची, कमी वाटली तर कानस मारायची, कारण तापल्यावर टोकं एकमेकांना भिडली की रिंग मोडते आणि शिलिंडर ओरबाडून काढते.

पिस्टनाच्या आडव्या खिळ्याची वेळ आली तेव्हा मुसानं घरातून भाताचा मोठा टोप नेला. पिस्टन उकळत्या पाण्यात धरला की त्याचं भोक इतकं उघडतं की खिळा अंगठ्यानं आत जातो, गार झाला की घट्ट धरतो. कनीज पडवीत येऊन बघते तो काय, टोपात चार पिस्टन खदखदत होते.

"माझ्या टोपात लोखंड शिजवताय?"

"लोखंड नाय. ॲल्युमिनियम हाय."

"मग मीठ घालू काय?"

काशीराम पोट धरून हसला. त्या पावसाळ्यात तो जवळजवळ रोज यायचा. भाबीच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुक्या बांगड्याचं कालवण खायचा आणि मुसाच्या समोर उकिडवा बसून बघत राहायचा.

पिस्टन शिलिंडरात घातले तेव्हाही तो होता. मुसानं भिंतींना तेल लावलं, रिंगांच्या फटी एकाखाली एक येणार नाहीत अशा फिरवल्या, पत्र्याचा पातळ पट्टा गुंडाळून रिंगा आवळल्या. पिस्टन शिलिंडरच्या तोंडावर ठेवला आणि हातोडी उलटी धरून तिच्या लाकडी दांड्यानं हलकेच दाबत गेला. रिंगा एकेक करून आत सरकल्या. प्रत्येक रिंगेला लहानसा आवाज होत होता, जिभेनं टाळूवर करावा तसा. चारही पिस्टन गेल्यावर त्यानं इंजिनाचा क्रँक हातानं फिरवला. जड, पण एकसारखा. कुठे अडला नाही. मुसानं डोळे मिटून तो फिरवला आणि हसला.

गाडी दसऱ्याला सुरू झाली. मुसानं काशीरामला बाजूला घेतलं.

"नवीन इंजिन तापतं. पिस्टन अजून भिंतीला ओळखीत नाय. देवदिवाळीपर्यंत गाडी सावकाश चालव. दर थांब्याला पाणी बघ. चढाला भरलेली गाडी रेटू नको. चढाआधी पाणी भरल्याशिवाय पुढे जाऊ नको."

काशीरामनं आपल्या गळ्याला हात लावला. "शपथ तुझी."

दिवाळीच्या आदल्या दिवशी मुंबईची बोट आली. बोटीवरून किनाऱ्याला आणणारे पडाव भरभरून चाकरमानी बंदरावर उतरले, ट्रंका, वळकट्या, पोरांसाठी आणलेल्या टोप्या. लांज्याच्या वाटेवर त्या वर्षी दुसरी एक मोटार सुरू झाली होती. तिचा ड्रायव्हर रघू बोलका होता, बंदरावरच उतारू गोळा करायचा. दोन्ही गाड्या एकाच वेळी भरल्या, एकाच वेळी निघाल्या. काशीरामच्या उतारूंमध्ये लांज्याची सोनूबाई होती. तिचा मुलगा बाळा गिरणीतून सुट्टीवर येणार, म्हणून ती स्वतः त्याला न्यायला बंदरावर आली होती. कोणी सांगूनही ऐकली नव्हती.

रघू हातखंब्याला पुढे निघाला. काशीरामच्या गाडीतली माणसं ओरडू लागली, "काढ पुढे! लांज्याला आधी पोचू!" चाकरमान्यांना घरची ओढ होती, जोर चढला होता. काशीरामनं गाडी दामटली. पालीला पाणी घ्यायला तो थांबला नाही. अंजणारीच्या चढाला त्यानं रघूला गाठलं, शेजारून गाडी काढली, गाडीत टाळ्या पडल्या. त्याच वेळी इंजिनाच्या पोटातून खरखर आली, करपलेल्या तेलाचा वास आला, आणि चढाच्या मध्यावर इंजिन एका धक्क्यात जाम झालं.

गाडी मागे सरकू लागली. ब्रेक तेवढ्या ओझ्याला पुरे पडले नाहीत. मागचं चाक गटारात गेलं आणि गाडी जांभ्याच्या कातलेल्या भिंतीवर कलंडली. लागलं बऱ्याच जणांना. सोनूबाई मागच्या कडेला बसली होती. ती भिंत आणि गाडीची चौकट यांच्यामध्ये सापडली. बाळानं तिला बाहेर काढलं तेव्हा ती गेलेली होती.

गाडी बैलांनी ओढून राजिवड्याच्या पडवीत आणली. मुसानं इंजिन खोललं आणि कोपऱ्यातल्या फळीवर बसला. चारही पिस्टन सगळ्या बाजूंनी ओरबाडले गेले होते, ॲल्युमिनियम वितळून भिंतींना चिकटलं होतं. वरच्या झाकणाखालची चकती जळून काळी झाली होती. घट्ट बसवल्यामुळे इंजिन धरलं असतं तर एखादाच पिस्टन, तोही एका अंगाला, खरचटला असता. हे चारही भाजले होते. इंजिन कोरडं होतं. गाडी कलंडली तेव्हा पाणी सांडलं असं म्हणता येत होतं, पण मुसाला बघायचं ते त्यानं बघितलं.

गाडीवरचा क्लीनर केरू बाहेर बसला होता. चाळिशीकडे झुकलेला माणूस, काशीरामच्याच वाडीतला. मुसानं त्याला विचारलं, "पाणी कुठे भरलंत?"

केरूनं मान खाली घातली. "पालीला मी डबा घेऊन उतरत होतो. ते बोलले, बस, रघू पुढे गेला. अंजणारीला चढाआधी मी परत बोललो. बोलले, आता थांबलो तर संपलं."

त्या संध्याकाळी काशीराम मुसाच्या घरी आला. कपाळाला पट्टी होती. कनीजनं चहा ठेवला, तो त्यानं प्यायला नाही. तो रडायला लागला.

"मुसा, मी पाणी घेतलं नाय."

"मला माहीत हाय."

"चौकशी होणार. मला विचारतील इंजिन का धरलं. मी खरं बोललो तर माझा परवाना जाईल, तुरुंगात जाईन. घरी गंगाच्या पोटात मूल हाय." त्यानं मुसाचे दोन्ही हात धरले. "तू खोटं बोलू नको. एवढंच सांग, का धरलं ते मला कळत नाय. मशीन हाय, बिघडतं. मीपण तेच सांगेन, कळत नाय. दोघांचं एक. कुणावर काही येणार नाय."

आतून कनीज म्हणाली, "बाई मेली हाय, काशीभाव."

"ती परत येणार हाय काय भाबी, मी आत गेलो तर?"

मुसाला तो ज्वर आठवला असेल, ती पाठ आठवली असेल. कनीज पुढे सांगायची, त्यांनी माझ्याकडे एकदासुद्धा बघितलं नाय. तो काशीरामला एवढंच म्हणाला, "बरं."

काशीराम त्या दिवशी त्यांच्याकडेच जेवला. जाताना मुसाच्या गळ्यात पडला.

चौकशी कचेरीत फौजदारासमोर झाली. गर्दी होती. उतारूंपैकी काहीजण आले होते, पण शर्यतीचं कुणी बोललं नाही. "पुढे काढ" म्हणून ओरडलेली माणसं होती ती. गाडी बरी चालली होती, मग एकदम थांबली, असं सगळ्यांनी सांगितलं. मग मुसाला उभं केलं.

"इंजिन तू जुळवलंस?"

"हां साहेब."

"मग ते का जाम झालं?"

मुसानं काशीरामकडे बघितलं. काशीराम जमिनीकडे बघत होता. "सांगता येत नाय," मुसा म्हणाला.

"तू खोलून बघितलंस ना? तू कारागीर. तुला सांगता येत नाही?"

"नाय साहेब."

फौजदारानं मान हलवली. मुसा बसला. मग काशीरामला बोलावलं. तो उठला, कपाळावरची पट्टी चाचपली आणि स्वच्छ आवाजात बोलू लागला.

"साहेब, मी गाडी सावकाशच चालवत होतो. पण पिस्टन घट्ट होते. ते शिलिंडरात जात नव्हते. मिस्त्रीला दसऱ्याच्या आत गाडी द्यायची घाई होती. त्यानं हातोडी घेतली आणि ठोकून बसवले. मी समोर होतो. मी बोललो, मुसा, असं करू नको. पण मला त्यातलं काय कळतं?"

मुसाला क्षणभर वाटलं, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं आहे. मग तो उभा राहिला. "साहेब, हातोडीचा दांडा होता. दांडा! लाकडाचा! ठोकले नाय, मी..."

"म्हणजे हातोडी होती?" फौजदारानं विचारलं.

"होती, पण उलटी... साहेब, गाडीत पाणी नव्हतं! केरूला विचारा!"

"आत्ता तर म्हणालास तुला सांगता येत नाही. खाली बस."

केरूला विचारलं. केरूनं आधी काशीरामकडे बघितलं, मग दाराकडे, आणि म्हणाला, "पाणी भरलं होतं साहेब."

सदोष दुरुस्तीमुळे अपघात, असं ठरलं. मुसाला शिक्षा झाली नाही, ताकीद मिळाली. काशीराम कचेरीच्या पायऱ्या उतरला आणि मागे न बघता गेला. मुसा त्याच्यामागून काही पावलं गेला. हाकसुद्धा मारली. काशीराम चालतच राहिला.

काही दिवसांनी बाळा पडवीत आला. आईचं कार्य उरकून तो मुंबईला परत निघाला होता, बोट सुटायला अवकाश होता. त्यानं भांडण काढलं नाही. दारात उभा राहून त्यानं विचारलं, "तू हातोडीनं ठोकलेस?"

मुसानं त्याला सगळं सांगितलं. पट्टी दाखवली. भाजलेले पिस्टन हातात दिले. पाणी, पाली, केरू, काशीरामचं रडणं, सगळं. एवढं तो जन्मात एका दमात बोलला नव्हता. बाळानं पिस्टन फिरवून बघितला आणि फळीवर ठेवला.

"हे तिथं का नाय बोललास?"

मुसा म्हणाला, "त्यानं मागितलं म्हणून."

"माझी आय मेली," बाळा म्हणाला, "आणि त्यानं मागितलं म्हणून तू गप्प राहिलास." तो निघून गेला. काशीरामवर त्याचा विश्वास राहिला की मुसावर बसला, हे मुसाला कधी कळलं नाही. पण एवढं कळलं की या माणसासमोर आपण काशीरामपेक्षा फार वर नाही. ते त्याला कचेरीतल्या खोट्यापेक्षा जास्त लागलं.

गावानं त्याला नाव ठेवलं, हातोडी मुसा. आधी बंदरावर, मग पेठेत, मग पोरांच्या तोंडी. एक गाडीवाला आला, तो हसत म्हणाला, "मिस्त्री, हातोडी घरी ठेवा हां." गंमत होती, पण पुन्हा कुणी फारसं आलं नाही. पुढच्या पावसाळ्यात झावळ्या शाकारल्या नाहीत. पडवी गळू लागली. मुसानं हत्यारं तेलात बुडवून पेटीत ठेवली आणि भाट्याला एका बागायतदाराकडे विहिरीवरचं तेलाचं इंजिन सांभाळायला लागला. एक शिलिंडर, एक पिस्टन, माडांना पाणी. खाडी ओलांडून सकाळी जायचा आणि तिन्हीसांजेला परत यायचा. त्या इंजिनाला तो कधी काही बोलल्याचं कुणी ऐकलं नाही.

कनीजचं डोकं तापायचं. विहिरीवर बायका काही बोलल्या की ती तोंड उघडायची, आणि घरी आल्यावर मुसा तिला अडवायचा. "तू कुणाला काय सांगू नको. तो स्वतः सांगेल."

"कोण? तो?"

"काशा वाईट नाय. घाबरला होता. मनात कुढत असेल. एक दिवस येऊन सांगेल, चार माणसांत सांगेल. आपण ओरडलो तर लोक म्हणतील मिस्त्री स्वतःची कातडी वाचवतोय. त्यानं सांगितलं तर कुणाला बोलायला जागा नाय."

यावर तो टिकून होता. दरवर्षी दिवाळी आली की त्याच्या वागण्यात फरक पडायचा, दाराकडे लक्ष असायचं. काशीराम कधी आला नाही. त्याची गाडी पुन्हा सुरू झाली, मग दुसरी गाडी आली. मोटार खाली पेठेतून जाताना हॉर्न वाजायचा, तो मुसा ओळखायचा.

अडतीस साली केरू राजिवड्यात आला. काशीरामला अर्धांगवायू झाला होता, उजवी बाजू गेली होती. त्यानं मुसाला बोलावलं होतं.

कनीज म्हणाली, "जाऊ नका."

मुसा धुतलेला सदरा घालत होता. "बोलावलंन् ना त्यानं. बघ, मी बोललो नव्हतो?"

लांज्यापर्यंत तो केरूशी एक शब्द बोलला नाही, पण चेहरा उजळलेला होता. काशीराम ओटीवर खाटेवर पडलेला होता, तोंड एका बाजूला ओढलेलं, पण बोलणं समजत होतं. काशीरामच्या बायकोनं, गंगानं पाट मांडला, पाणी दिलं. "बसा, मुसाभावजी. तुमचं नाव रोज काढतात." दोघंही म्हातारे दिसत होते, चाळिशीच्या जेमतेम पुढचे असूनही. काशीरामनं डावा हात पुढे केला, मुसानं तो दोन्ही हातांत धरला. काशीरामच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मुसा, फार दिवस मनात होतं. मरायच्या आधी तुला सांगायला हवं."

"सांग, काशा."

"त्या दिवशी तू घाई केलीस. हातोडी लावलीस. बाई मेली. मी तुझ्यावर रागावलो, तुझ्या दारात आलो नाय. पण तू मुद्दाम केलं नव्हतंस. मी तुला माफ केलंय. गंगाला विचार. कधीच केलंय."

मुसाचा हात तसाच राहिला. तो काशीरामच्या तोंडाकडे बघत होता. त्यात लबाडी शोधत होता. लबाडी असती तर बरं झालं असतं. काशीरामचे डोळे स्वच्छ होते. मोठ्या मनाचा माणूस जसा बघतो, तसा तो बघत होता.

"काशा," तो हळू म्हणाला, "पाणी नव्हतं. तू पाणी घेतलं नव्हतंस. माझ्या घरी येऊन रडलास, आठवत नाय?"

काशीरामला काही उमजेना. "पाणी? पालीला भरलं ना. केरूनं डबा ओतला. मी तुझ्या घरी रडलो, हां, रडलो. सोनूबाईसाठी रडलो." तो गंगाकडे वळला. "याला काय झालं?"

"राहू दे आता," गंगा म्हणाली. "झालं ते झालं. तुम्ही माफ केलंत, सुटलं."

मुसानं हात सोडवून घेतला. उठला. गंगानं चहा आणला होता, तो तिच्या हातात तसाच राहिला.

केरू त्याच्यामागून मोटारीच्या थांब्यापर्यंत आला. वडाखाली दोघं उभे राहिले. मोटार दिसू लागली तेव्हा केरू खालच्या आवाजात म्हणाला, "मिस्त्री, मला आठवतंय हां. डबा माझ्या हातात होता. रिकामा."

मुसा त्याच्याकडे वळला. "मग सांग की. आता त्याला काय होणार? खाटेवर पडलाय तो."

"गाड्या आता त्याच्या थोरल्या पोराच्या नावानं, आणि त्या पोरानं माझ्या पोराला गाडीवर घेतलाय." केरूनं डोळे पुसले. "मी सांगणार नाय. तुम्हाला माहीत असावं, म्हणून बोललो."

मुसा मोटारीत चढला. त्याच वाटेनं, तोच चढ उतरून, पाली, हातखंबा करीत तो रत्नागिरीला आला. कनीज दारात तांदूळ निवडत बसली होती. त्याला एकट्याला येताना बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"काय बोलला?"

मुसा पायरीवर बसला. "मला माफ केलंन्."

"कुणी?"

"त्यानं."

"तुम्हाला?"

मुसानं मान हलवली आणि मग तो रडला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कनीजनं त्याला रडू दिलं. सूप उचलून आत नेलं, हात धुतले, बाहेर आली आणि त्याच्या शेजारी बसून म्हणाली, "आता मला अडवू नका. वचन तुम्ही दिलंत. मी कुणाला दिलेलं नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर बायका जमल्या होत्या. कनीजनं कळशी काठावर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. टोपात शिजवलेल्या पिस्टनांपासून खाटेवरच्या माफीपर्यंत, काही न गाळता. एक बाई म्हणाली, बायकोच ती, नवऱ्याचीच बाजू घेणार. दुसरीनं पोहरा विहिरीत सोडला. तिसरीनं विचारलं, "मग पाणी खरंच नव्हतं?" कनीजनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

आवाज घरापर्यंत येत होता. मुसा भाट्याला निघाला होता, चपला घालून दारात उभा होता. त्यानं थोडा वेळ ऐकलं. तिला थांबवलं नाही. मग खाडी ओलांडायच्या तरीच्या दिशेनं चालू लागला.